टो बारवर पैसे वाचवा, ब्रेकवर नको (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत त्याबद्दल आधी थँक्यू. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून सांगते, मोटरहोमच्या (राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या) मागे चारही चाकं रस्त्यावर ठेवून गाडी ओढायची तर काय सामान घ्यावं यावर मी लिहिलं होतं, त्यावर दादा म्हणतायत की मी लोकांना उगाच घाबरवतेय, ते वापरलेला टो बार (दोन गाड्या जोडणारा दांडा) घेऊन ५ वर्षं अमेरिकेत जीप रँग्लर ओढतायत, जीपमध्ये ओढताना तिचे ब्रेक लावणारी वेगळी सिस्टीम नाही आणि काही झालेलं नाही, त्यामुळे त्यावरचे हजार-पंधराशे डॉलर म्हणजे निव्वळ चुना.

टो बारचं तुमचं म्हणणं पटलं. ब्लू ऑक्स किंवा रोडमास्टर कंपनीचा जुना बार चांगल्या अवस्थेत असेल, हात नीट सरकत-लॉक होत असतील, पिनांच्या भोकांमध्ये जास्त ढिलेपणा नसेल आणि रेटिंग तुमच्या गाडीच्या वजनापेक्षा जास्त असेल, तर खुशाल घ्या. फक्त बेस प्लेट (बार अडकवायला गाडीच्या पुढे बसवतात तो भाग) तुमच्याच मॉडेलची आणि वर्षाची लागते, ती दुसऱ्या गाडीची चालत नाही.

पण ब्रेकच्या बाबतीत मी मागे हटणार नाही. मोटरहोमचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या कमाल वजनासाठी, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआरसाठी बनवलेले असतात, मागून ढकलणारी दोन टनांची जीप त्या हिशोबात धरलेली नसते. एरवी आरामात थांबता तेव्हा ते जाणवतही नाही, म्हणून तर ५ वर्षं काही झालं नाही. पण कॅलिफोर्नियात आय-५ वर ग्रेपव्हाइनचा ६ टक्क्यांचा उतार उतरताय, ब्रेक आधीच तापलेत आणि पुढचा ट्रक अचानक थांबला, तर तेव्हाचं काय? आणि समजा बारच सुटला, तर सेफ्टी केबल जीपला तुमच्या मागेच धरून ठेवणार, आणि जीपला ब्रेक नाहीत म्हटल्यावर ती सरळ तुमच्याच मागच्या बाजूवर येऊन आदळणार. बार सुटल्यावर ब्रेकअवे स्विचची पिन खेचली जाते आणि जीपचे ब्रेक आपोआप लागतात, पण ते लावणारी सिस्टीमच नसेल तर नुसता स्विच बसवून काय उपयोग.

'आमच्या राज्यात सक्ती नाही' म्हणालात, पण तुम्ही राज्यात थांबता कुठे! बऱ्याच राज्यांत ओढलेल्या गाडीला ब्रेक सक्तीचे होण्याची वजनमर्यादा ३,००० पौंडांच्या आसपास आहे आणि रँग्लर त्याच्या कितीतरी वर जाते.

आता एक करून बघा. इंजिन बंद ठेवून जीपचा ब्रेक चार-पाच वेळा दाबा. बहुतेक गाड्यांत पेडल दगडासारखं घट्ट होतं, कारण बूस्टरमधला, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या भागातला, व्हॅक्यूम संपतो. जीपमध्ये पायाशी ठेवायचा, पेडल दाबणारा पोर्टेबल ब्रेक बॉक्स लावायच्या आधी हेच करायला सांगतात, कारण ओढताना इंजिन बंदच असतं आणि बॉक्सला त्या घट्ट पेडलवरच जोर लावायचा असतो. इलेक्ट्रिक बूस्टरवाल्या नव्या गाड्या आणि हायब्रिड वेगळ्या वागतात, बंद असतानाही त्यांचा ब्रेक जोरात लागू शकतो, म्हणून सिस्टीम गाडी बघूनच निवडायची, सेलमध्ये मिळाली म्हणून उचलायची नाही.

आणि तुमचं ते वाक्य, 'हिचवर (मोटरहोमच्या मागच्या, बार अडकवायच्या जोडणीवर) ५,००० पौंड लिहिलंय, जीप त्यापेक्षा हलकी, विषय संपला', यावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. विनेबागो व्ह्यू या मोटरहोमचंच उदाहरण घ्या, मर्सिडीज स्प्रिंटरच्या चॅसिसवर गाडीचं कमाल वजन ११,०३० पौंड आणि गाडी अधिक मागे ओढलेलं ओझं मिळून कमाल १५,२५०, म्हणजे व्ह्यू पूर्ण भरलेली असेल तर मागे उरतात ४,२२० पौंड, हिचवर ५,००० लिहिलेलं असलं तरी! चार दारांची रँग्लर साधारण त्याच घरात सुरू होते आणि रुबिकॉन त्याच्याही वर जाते. पाण्याची टाकी, सायकली, मुलांचं सामान, सगळं भरून एखाद्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (वजनकाट्यावर) दोन्ही गाड्या एकदा चढवा, दहा मिनिटांचं काम आहे, मग बोलू.

बाकी किरकोळ, हिच आणि बेस प्लेटच्या उंचीत तीन-चार इंचांपेक्षा जास्त फरक नको, असला तर ड्रॉप रिसीव्हर (उंची जुळवणारा जोड) घ्या आणि त्याचंही रेटिंग बघा. पंपावर अडकलात तरी रिव्हर्स घेऊ नका, बार वाकतो, गाडी सोडवूनच मागे घ्या, आणि त्यासाठीच वाकड्या जागेतही सुटणारे हात असलेला बार चार पैसे जास्त देऊनसुद्धा घ्यावा असं माझं मत आहे.

तुमच्या मोटरहोमचा चॅसिस, त्याला एअर ब्रेक आहेत की हायड्रॉलिक, आणि जीपचं वर्ष एवढं खाली लिहा. पोर्टेबल बॉक्स परवडेल की कायमची सिस्टीम, ते बघून सांगते.