काडीचा भार

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या हातात एक काडी आली. ती टाकायला जागा मिळेना, म्हणून मी संध्याकाळी सातपर्यंत ओसाका पाहिलं.

काडी बांबूची, टोकदार, जेमतेम वीतभर. पण तिची हकिगत सांगायची तर आधी भाचीबद्दल सांगायला हवं. भाची ओसाकात नोकरीला. 2019 च्या एप्रिलात तिने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. आधी टोकियो, मग क्योतो, शेवटी ओसाका. टोकियोत सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं आणि घाईवाल्यांना उजवी बाजू मोकळी ठेवायची, एवढं शिकण्यात आमचे चार दिवस गेले. ओसाकात पहिल्याच जिन्यावर मी शिस्तीत डावीकडे उभा राहिलो, तर मागे माणसांची रांग तुंबली. कोणी ओरडलं नाही, कोणी ढकललं नाही. ती सगळी नुसती थांबली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. भाची पुटपुटली, "मामा, इथे उजवीकडे."

नांबाला उतरलो. नांबा हे एक स्टेशन असेल अशी माझी डोंबिवलीकर समजूत होती. तिथे वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांची वेगवेगळी नांबा आहेत आणि त्यांना जोडणारं एक भुयारी बाजारपेठेचं जाळं आहे. त्यातून आम्ही एकाच बुटांच्या दुकानावरून तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी दुकानातली बाई ओळखीचं हसली.

वर उजेडात आल्यावर भाचीने नियम सांगितले. खाताना चालायचं नाही. जिथे घेतलं तिथेच उभं राहून संपवायचं. आणि कचरा ज्या दुकानाचा त्याच दुकानात टाकायचा, कारण रस्त्यावर डबे नाहीत.

"नाहीत म्हणजे? एवढं स्वच्छ शहर आणि डबे नाहीत?"

1995 साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला गेला, त्यानंतर सार्वजनिक जागांवरचे बरेच डबे उचलले गेले, असं तिने सांगितलं. लोक कचरा पिशवीत घालून घरी नेतात म्हणे. मी मान डोलावली. परक्याच्या कष्टाचं कौतुक करायला आपलं काय जातं!

पहिला मुक्काम कुरोमोन बाजार. ओसाकाचं स्वयंपाकघर म्हणतात त्याला. वर छप्पर, दोन्ही बाजूंना मासळी: खेकडे, शिंपले, समुद्री साळिंदरासारखं काटेरी काहीतरी मधोमध फोडून ठेवलेलं, आणि टुनाचे लालभडक तुकडे सोनाराने मांडावेत तसे मांडलेले. मी सीकेपी माणूस, मला गहिवरून आलं. आमच्या हिचं माहेर मात्र लसूणसुद्धा चातुर्मास बघून खाणारं. ती नाकाला पदर लावता येत नाही म्हणून ओढणी लावून चालत होती. शेवटी तिला भाजलेलं रताळं दिसलं. पाचशे येन.

"म्हणजे किती?"

येनला तेव्हा साठ-बासष्ट पैसे पडायचे. तीनशे दहा, असं मी सांगितलं आणि लगेच पस्तावलो. एका रताळ्याला तीनशे दहा रुपये हे ऐकून तिने संबंध बाजारात जेवढे हुंकार बसतील तेवढे टाकले. पण रताळं मात्र असं, की आत नुसता मध. तिने सालीसकट वास घेतला आणि म्हणाली, "एकादशीला असलं मिळालं तर मी रोज एकादशी करीन." साल माझ्या हातात दिली. नवऱ्याचा हात हा लग्नानंतर अर्धा टेबल आणि अर्धा डबा असतो.

आणि तेवढ्यात ती थबकली. "अगं बाई, अप्पेपात्र!"

खरंच, एका गाड्यावर बिडाचं भलंमोठं अप्पेपात्र. खळग्यांत पातळ पीठ ओतलेलं, आणि एक पोरगा हातातल्या दोन टोच्यांनी इतक्या झपाट्याने गोळे उलटवत होता की आमची ही मंत्रमुग्ध. काय म्हणतात विचारल्यावर पोरगा उत्तरला, "ताकोयाकी!"

"ताकातले," तिने मला समजावून सांगितलं. "मी म्हटलंच, पीठ आंबट ताकात भिजवल्याशिवाय असं जाळीदार होत नाही."

आठ घेतले. कागदी होडीत आले, वर तपकिरी सॉस, पांढऱ्या मेयोनेजच्या रेघा आणि पातळ कागदासारखे काही पापुद्रे. ते वाफेवर असे वळवळत होते की आधी मला ते जिवंतच वाटले. भाची नेमकी पाण्याची बाटली आणायला गेली होती. हिने काडीला एक गोळा टोचला, फुंकर घातली, तोंडाशी नेला, आणि रस्त्याच्या पलीकडून हाक आली, "मामी, नको! ताको म्हणजे ऑक्टोपस!"

मिरवणुकीतल्या देखाव्यात राक्षसाची तलवार अडकून राहते तशी ती काडी हवेत राहिली. मग गोळा होडीत परत, काडी माझ्या हातात, आणि त्या ताकाशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने ही लांब जाऊन उभी राहिली. भाचीने राहिलेलंही सांगून टाकलं: पिठात माशाचं पाणी असतं, आणि ते वळवळणारे पापुद्रे म्हणजे सुकवून धुरी दिलेला मासा, सुताराच्या रंध्यासारख्या यंत्रावर तासलेला.

अन्न टाकायचं नाही आणि चालताना खायचं नाही. तेव्हा आठही माझ्याच वाट्याला. ताकोयाकी बाहेरून अत्यंत साळसूद असतो. दाताखाली फुटला की आतून जे पातळ, उकळतं पीठ बाहेर येतं, ते टाळूला शिक्का मारून जातं. मी तोंड उघडं ठेवून हा-हा-हा करत होतो, आणि तो पोरगा खूश होऊन मान हलवत होता. तिथे ही दादच समजत असावेत. हा पदार्थ ओसाकातच 1935 साली जन्मला. त्या पहिल्या गिऱ्हाइकाची टाळू कशी होती, याची नोंद कोणी ठेवली आहे का ते बघायला हवं.

आठवा गोळा गिळून मी डोळे पुसतो तर या दोघी पुढच्या वळणावर. "अहो, चला!" बायकोने हाक मारली की पाय आधी निघतात आणि अक्कल मागून येते. शंभरेक पावलांनी लक्षात आलं, होडी आणि काडी हातातच आहेत. वळून गाडा शोधला तर गर्दीत सगळे गाडे एकसारखे. एका गाड्यावर मोठ्या आशेने होडी पुढे केली. गाडेवालीने ती पाहिली, आपल्या होड्या पाहिल्या. तिच्या निळ्या, माझी लाल. दोन्ही हात छातीपाशी फुलीसारखे धरून ती इतकी लवली की मीच तिची माफी मागितली.

भाचीने पिशवी दिली. त्यात होडी, रताळ्याची साल, नंतर हिने खाल्लेल्या गोड सोया-पाकातल्या दांगोची, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या गोळ्यांची काठी, मोची नावाच्या तांदळाच्या मिठाईचा कागद. पिशवी भरत चालली. पेयांच्या यंत्राशेजारी एक डबा दिसला तेव्हा मी धावलो. त्याला दोनच गोल भोकं, बाटली आणि डबा जाईल एवढीच. रताळ्याची साल जाईल, पण मन धजावेना. तिला भोकातून ढकलताना कोणी जपानी आजोबांनी पाहिलं असतं तर ते काही बोलले नसते, आणि तेच वाईट. काडी तेवढी मी पिशवीत टाकली नाही, टोकाने पिशवी फाटेल म्हणून. ती विंडचीटरच्या आतल्या खिशात ठेवली.

मग दोगुयासुजी. ही भांड्याकुंड्यांची गल्ली. ओसाकातले हॉटेलवाले इथे खरेदीला येतात. हिला इथून बाहेर काढणं म्हणजे दिवाळीच्या आधी तुळशीबागेतून काढणं. पहिल्या दुकानात खिडकीत जेवणाच्या नकला: नूडल्सचा घास उचललेला आणि चॉपस्टिक्स हवेत, अर्धं सोललेलं केळं, बिअरचा फेस. त्या अख्ख्या दिवसात आमच्या हिला पोटभर आणि निर्धास्त शाकाहारी जेवण दिसलं ते एवढंच. प्लॅस्टिकचं होतं.

आणि पुढच्या दुकानात बिडाचं अप्पेपात्र. म्हणजे ताकोयाकीचंच, पण आता ते तिच्या लेखी अप्पेपात्र झालं होतं. आमचं घरचं सात खळग्यांचं, हे सोळा. तिने उचलून पाहिलं, नखाने वाजवलं, भाव विचारला, आणि मराठीत घासाघीस केली. दुकानदार म्हातारा तिचं सगळं ऐकून घेऊन जपानीत बोलला. दोघांनी एकमेकांना खूप काही सांगितलं. किंमत येनभरही उतरली नाही, पण त्याने तेल लावायची एक छोटी मुठी वर दिली. हिने ती बघून त्याला हाताने खुणा केल्या, की आम्ही अर्धा कांदा वापरतो. त्याने वहीत लिहून घेतलं असं ती आजही सांगते. अडीच किलोचं ते बीड माझ्या उजव्या हातात आलं. डाव्यात कचरा होताच.

त्या अवस्थेत आम्ही होझेनजीला पोचलो. चिंचोळी, दगडी फरशीची गल्ली, आणि तिथे एक देव. त्याचं अंग दिसतच नाही. वर्षानुवर्षं लोकांनी पाणी घातल्यामुळे तो डोक्यापासून पायापर्यंत शेवाळाने हिरवागार, मखमलीचा झाला आहे. नाव फुदो. फुदो म्हणजे न हलणारा, आणि हा मूळचा आपला बौद्ध 'अचल', संस्कृत नावाचा अर्थ घेऊन जपानात गेलेला. भाचीने एवढं सांगायचा अवकाश, हिने ओगराळं उचललं आणि असा अभिषेक केला की शेजारची जपानी आजी बाजूला सरून पाहत राहिली. माझी पंचाईत निराळीच. देवापुढे हात जोडायचे तर एका हातात कचरा. तो खाली ठेवावा तर देवळात कचरा टाकल्यासारखं दिसेल. मी पिशवी पाठीमागे लपवली आणि अप्पेपात्रासकट एका हाताने नमस्कार केला. अचलाने काही हालचाल केली नाही.

दोतोनबोरीला आलो तेव्हा दिवे लागले होते. हा कालवा यासुई दोतोन नावाच्या माणसाने 1612 साली खणायला घेतला. तो पुरा व्हायच्या सुमारास, 1615 मध्ये, दोतोन ओसाकाच्या वेढ्यात मारला गेला आणि त्याचं नाव पाण्याला मिळालं. आता त्या पाण्यात वरच्या सगळ्या जाहिराती उलट्या तरंगतात. दुकानावर लटकलेला अवाढव्य खेकडा पाय हलवतो. पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातला एक यांत्रिक विदूषक ढोल बडवतो. तो ज्या हॉटेलचा होता ते हॉटेल 2008 मध्ये बंद झालं, याचं मात्र नाव अजून गाजतं आहे. क्योतोकर कपड्यांपायी भिकेला लागतात आणि ओसाकाकर खाण्यापायी, अशी तिकडे म्हण आहे. क्योतोत हिने रेशमी स्टोल घेतला होता, त्यामुळे म्हणीचा पूर्वार्ध मला पटलेला होता.

पुलाशेजारी ग्लिको या गोळ्या-मिठाईच्या कंपनीच्या धावणाऱ्या माणसाची पाटी. पहिली 1935 सालची, म्हणजे हा ताकोयाकीचा जुळा भाऊ. आता आहे ती सहावी. एका गोळीत 300 मीटर धावायची ताकद, अशी त्या कंपनीची जुनी जाहिरात. सगळे लोक त्याच्यासारखे दोन्ही हात वर, एक पाय उचलून फोटो काढत होते. भाची म्हणाली, "मामा, तुम्हीपण!" उजव्या हातात अडीच किलो बीड, डाव्या हातात कचरा, एक पाय वर. फोटो आमच्या फ्रीजवर आहे. त्यात मी शर्यत जिंकलेला दिसत नाही, भंगार घेऊन पळालेला दिसतो.

पुलाच्या कठड्याशी मी खिशातली काडी काढली. खाली पाणी. एवढीशी काडी, कोण बघतंय? भाचीने डोळे वटारले आणि एक गोष्ट सांगितली. 1985 मध्ये इथल्या हानशिन टायगर्स या बेसबॉल संघाच्या विजयानंतर लोक एकेका खेळाडूचं नाव पुकारत होते, आणि त्याच्यासारखा दिसणारा गर्दीतला माणूस कालव्यात उडी घेत होता. एक खेळाडू होता दाढीवाला अमेरिकन. त्याच्यासारखा गर्दीत कोणी मिळेना, तेव्हा त्यांनी तळलेल्या कोंबडीच्या दुकानाबाहेरचा दाढीवाल्या कर्नलचा पुतळा उचलून पाण्यात टाकला. त्यानंतर संघाला जपानचं अजिंक्यपद मिळेना, आणि कर्नलचा शाप लागला असं बोललं जाऊ लागलं. 2009 मध्ये तो गाळातून सापडला, चष्मा आणि डावा हात सोडून. (आम्ही परतल्यावर चार वर्षांनी, 2023 मध्ये, टायगर्स अखेर पुन्हा अजिंक्य ठरले. भाचीने रात्री फोन करून उठवलं.)

ज्या कालव्यात टाकलेला कचरा 24 वर्षांनी वर येतो, त्यात काडी टाकायची माझी हिंमत झाली नाही. बुडत्याला काडीचा आधार असेल, पण इथे काडीच मला बुडवणार होती. मी ती परत खिशात ठेवली.

सुटका शेवटी एका कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात झाली. दारात डबा होता, वर सूचना, बाहेरचा कचरा आणू नये. मग मी हक्क विकत घ्यायचा ठरवलं. उमेबोशीचा ओनिगिरी घेतला, म्हणजे भाताचा त्रिकोणी मुटका आणि आत खारवलेलं फळ. वेष्टणावर 1, 2, 3 असे आकडे. त्या क्रमाने ओढायचं. मी 2 पासून सुरुवात केली आणि समुद्री शेवाळाची चादर फाडून टाकली. पण आमच्या हिला तो लोणचं-भात मनापासून आवडला. दिवसभरात तिचा पहिला गरगरीत घास. मी तेवढ्यात वेष्टण टाकलं, आणि वेष्टणाच्या आडून हळूच सगळी पिशवी. गुन्हा केल्यासारखा घाम फुटला होता.

मुंबईला उतरल्यावर स्कॅनरवर सोळा काळे गोल दिसले तेव्हा कस्टमवाल्याने बॅग उघडायला लावली. "जपानहून अप्पेपात्र?" त्याने विचारलं. हिने त्याला बिडाचे फायदे सांगितले. त्याने लवकर जाऊ दिलं.

पुढच्या रविवारी त्या पात्रात अप्पे झाले. पीठ आंबट ताकात भिजवलेलं. व्हिडिओ कॉलवर भाचीला दाखवत ही म्हणाली, "बघ, याला म्हणतात ताकोयाकी." मी विंडचीटर धुवायला टाकण्याआधी खिसे चाचपत होतो. आतल्या खिशात हाताला टोक लागलं. काडी! ओट्याखालचा आमचा डबा, पायाने दाबला की झाकण उघडणारा, चोवीस तास, कोणत्याही दुकानाचा कचरा घेणारा. मी पायाने दाबलं. झाकण उघडलं. हात डब्यावर नेला.

"अहो, टाकताय काय? इकडे द्या. उलटायला काही मिळत नाहीये."