सील बदलण्याआधी पीसीव्ही तपासा
व्होल्वोच्या टर्बो पाच-सिलिंडर इंजिनावरचा लेख आवडला. सिलिंडरांच्या १-२-४-५-३ क्रमाने, क्रँकशाफ्टच्या दर १४४ अंशांना होणाऱ्या फायरिंगचा (इंधन पेटण्याचा) तो घोगरा आवाज मला फार प्रिय! पण मागच्या क्रँक सीलमधून (क्रँकशाफ्टच्या टोकाशी ऑइल अडवणाऱ्या कडीतून) ऑइल गळालं की थेट सील बदला, हा सल्ला अपुरा आहे. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायच्या तोंडावर रबरी हातमोजा लावा. फुगला, तर पीसीव्ही (इंजिनात साचणारे वायू बाहेर काढणारी यंत्रणा) तुंबलाय आणि आत साठलेल्या दाबामुळे नवं सीलही गळणार. फोर्ड फोकस एसटीतल्या याच २५२१ सीसी इंजिनात पीसीव्हीचा डायफ्राम (पातळ पडदा) फाटतो, मग आयडलिंगला बारीक शिट्टी येते. डिपस्टिक जराशी वर ओढली की ती थांबते. टायमिंग बेल्टचा उल्लेखही हवा होता, तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात.