परके हाकलण्याचा हंगाम

तुम्ही कोकणातले, देशाच्या सीमांची तुम्हाला रात्रंदिवस चिंता, आणि बाहेरून आलेली माणसं आपलं रेशन खातात या विचाराने तुमच्या घशाखाली घास उतरत नाही. उत्तम. पण हे कार्य नुसत्या तळमळीने होत नाही, त्याला वेळ साधावी लागते.

नोव्हेंबर ते मे तोंड उघडायचं नाही. आंब्याच्या बागेत नेपाळहून आलेला गुरखा असतो. फवारणीचा पाइप त्याच्या हातात, पहाटे वानर-केलटी हाकायला डबा बडवत तोच फिरतो, आंबा उतरवायचा झेला घेऊन कलमाच्या शेंड्यावर तोच चढतो आणि खाली त्याची बायको पेटीत पेंढा घालून आंबा रचत असते. अशा वेळी 'घुसखोर' हा शब्द त्याच्या कानावर गेला आणि त्याने गाठोडं उचललं, तर कलमावर तुम्हालाच चढावं लागेल. मुलगा येणार नाही, तो अंधेरीला आहे. बंदरावरही तेच. मिरकरवाडा घ्या नाहीतर हर्णै, जाळी ओढायला नेपाळी खलाशी नसेल तर बोट जेटीलाच राहते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, खलाशी आपापल्या गावी. शेवटची पेटी वाशीला गेली की गुरखाही निघतो. हे दोन महिने देशप्रेमाला फार चांगले. पाऊस असतो, हाताला काम नसतं, तिठ्यावर चहा असतो. मनसोक्त बोला. बोटवाल्यांनी मात्र जुलैअखेर आवाज थोडा खाली आणावा, कारण बोट चालवणारा तांडेल खलाशांना 'कधी येताय रे?' म्हणून फोन लावत असतो.

तिठ्यावर एखादा पुस्तकी पोरगा भेटेल. म्हणेल, ३१ जुलै १९५० ला भारत-नेपाळ करार झाला, त्याच्या सातव्या कलमाने दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहायची, व्यापार करायची, मालमत्ता घ्यायची मुभा आहे. सीमेवरची सुनौलीची कमान ओलांडून माणूस चालत येतो, व्हिसा लागत नाही, मग तो घुसखोर कसा? असल्या पोरांना थेट उत्तर द्यायचं नसतं. 'तू आम्हाला शिकवू नको, रेशनचं बोल,' म्हणावं.

रेशनचा मुद्दा खरं तर तुमच्याच बाजूचा आहे, नीट मांडता आला पाहिजे. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षेच्या कार्डावर माणशी महिना ५ किलो धान्य फुकट. गावात त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ४४ हजारांच्या आत हवं. बाग, बोट आणि दुमजली घर सांभाळून तुम्ही ते आत ठेवलंय, ही साधी गोष्ट नाही. तो तांदूळ तुम्हाला जाडा लागतो, म्हणून तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात विकता. तिथून गुरखा तो रोख पैसे मोजून नेतो आणि बागेतल्या खोपटात शिजवतो. म्हणजे आपलं रेशन तो खातो, हे शंभर टक्के खरं आहे. शपथेवर सांगा.

बाकीच्या योजनांत शब्द तेवढे सांभाळा. बोटीच्या डिझेलवरचा परतावा हा हक्क. वादळाची भरपाई हा हक्क, आणि ती कमी मिळाली हा अन्याय. शेतकरी सन्मानाचे वर्षाला ६ हजार हा नावाप्रमाणे सन्मान. लाडक्या बहिणीचे महिना दीड हजार ही ओवाळणी. चारचाकी मुलाच्या नावावर आणि मुलाचं कार्ड वेगळं, मग आड काय येतं? 'फुकट' हा शब्द गुरख्याची पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी खाते त्यासाठी राखून ठेवा. (पटसंख्येअभावी ती शाळा बंद पडायची होती. अशाच पोरांमुळे पट भरतो, हे गुरुजींना चारचौघांत बोलू देऊ नका.)

सीमेवर भाषण ठोकताना आपल्या गडग्याशेजारी, म्हणजे दगडी कुंपणाशेजारी, उभे राहू नका. चुलत्याच्या हद्दीत तो दोन हात सरकलाय हे वाडीला माहीत आहे.

पुतण्या न्यू जर्सीत असेल तर आणखी जपून. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचा भार टाकला, तेव्हा तुम्ही 'तो देश उभा केला कोणी? आमच्या पोरांनी!' असं म्हणाला होता. ते वाक्य फक्त तिकडच्यासाठी. इकडे ते कोणी चिऱ्याच्या खाणीवरच्या कामगारांबद्दल म्हणायला लागला, तर विषय बदला.

एवढं झालं की पोलीस ठाण्यात तक्रार द्या, जूनमध्येच. तिथे एक अडचण येईल. परक्या माणसाची माहिती द्यायची तर त्याचं पूर्ण नाव, गाव, जिल्हा लिहावा लागतो. आणि इतके हंगाम तो तुमच्या बागेत झोपला तरी तुम्हाला 'बहादूर' याच्यापुढे काही ठाऊक नाही. फोन करून विचारून घ्या. तो गावी भाताच्या लावणीत असेल, दोनदा लावावा लागेल. आणि फोन लागलाच आहे तर यंदा उचल किती पाठवायची, तेही ठरवून टाका. मागच्या वर्षी शेजारच्या बागवाल्याने त्याला जास्त देऊ केली होती.