फोशानला सोफे बघायला जाताय? मग एक दुपार रिकामी ठेवा

चीनहून फर्निचर आणणाऱ्या मंडळींचा दौरा बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. ग्वांगझूचा कँटन फेअर हा मोठा व्यापारी मेळा, त्याला जोडून शेजारच्या फोशान शहरातले आठ-दहा कारखाने, आणि 'फिरायचं काय ते शेवटच्या दिवशी बघू'. शेवटच्या दिवशी पाय सुजलेले असतात, सॅम्पलची बॅग २३ किलोत बसत नसते आणि फिरणं म्हणजे विमानतळावर चॉकलेटं घेणं. माझं मत उलट आहे. फिरणं दौऱ्याच्या मधोमध घाला, नेमकं भाव ठरवण्याच्या आदल्या दुपारी. दमलेला माणूस सोफा उलटा करून बघत नाही.

आधी तारखा. फेअर वर्षातून दोनदा, तीन टप्प्यांत भरतो. फर्निचर दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे साधारण २३ ते २७ एप्रिल किंवा २३ ते २७ ऑक्टोबर. एप्रिलमध्ये गोची अशी की १ मेपासून कामगार दिनाची सुट्टी लागते. कारखाने बंद, रेल्वेची तिकिटं गायब, बागांमध्ये मुंगी शिरायला जागा नाही. हाताशी उरतात जेमतेम तीन दिवस. पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑक्टोबरच धरावा.

फोशानमधला लेकाँग हा भाग म्हणजे शोरूम. रस्त्याच्या दुतर्फा किलोमीटरच्या किलोमीटर. माल बनतो तो बराचसा शेजारच्या लाँगजियांगमध्ये. शोरूममध्ये एसीत बसून ऑर्डर देऊन आलात तर तुम्ही कारखाना बघितलेलाच नाही, दुकान बघितलंत. दिवसाला दोन कारखाने, त्यावर तिसरा नको. साडेनऊला पहिला, अडीचला दुसरा. बारा ते दीड जेवण आणि डुलकी असते, दिवेसुद्धा मालवतात. त्या वेळात जाऊन चालू लाइन दिसणार नाही.

सप्लायरच्या पाहुणचाराबद्दल थोडं. गाडी दहाला येते, चहाचे इवलेसे कप संपता संपत नाहीत, जेवण दोन तास चालतं, मग 'जवळच सुंदर बाग आहे, बघून घेऊ'. कारखान्यात पोहोचेपर्यंत साडेचार वाजतात आणि नेमका फोमचा विभाग बंद झालेला असतो. दर वेळी लबाडीच असते असं नाही, पाहुण्याची खातिरदारी तिथेही मनापासून करतात. पण क्रम तुम्ही ठरवा. आधी कारखाना, मग बाग.

कारखान्यात काय बघायचं? सोफा उलटा करायला लावा, खालचं काळं कापड एका कोपऱ्यातून सोडवा. आत फ्रेम सलग लाकडाची आहे, प्लायची आहे की तुकडे जोडलेली, ते लगेच दिसतं. फोमसाठी खिशात सोनारी छोटा वजनकाटा ठेवा. दहा सेंटीमीटर लांब, रुंद आणि उंच असा ठोकळा कापून मागा. त्याचं वजन जितके ग्रॅम, तितकी डेन्सिटी, म्हणजे घनमीटरला तितके किलो. सांगितलेली ३२ आणि काट्यावर २४ भरले, तर ती बैठक वर्षभरात खड्डा धरणार. (खडूची पूड घालून वजन वाढवलेला फोमही असतो. तो बोटांत चोळला की भुकटी सुटते.) लाकडाला पिनचा मॉइश्चर मीटर टोचा: ८ ते १२ टक्के ठीक, १६-१८ असेल तर बंद कंटेनरमध्ये बुरशी धरते आणि पुण्याच्या एसी शोरूममध्ये लाकूड आकसून सांधे उघडतात. चाळीस फुटी हाय क्यूब (जादा उंचीचा) कंटेनर कागदावर ७६ घनमीटर असला तरी सोफ्यांनी भरताना ६५ ते ६८ धरूनच हिशेब करा, नाहीतर शेवटचे पाच नग गोदामातच राहतात.

आता ती रिकामी दुपार. त्यासाठी लांब जायची गरज नाही. फोशानच्याच शुंदे भागात, दालियांगला, छिंगहुई बाग आहे: तळी, कमानी, रंगीत काचांच्या खिडक्या. कॅटलॉग हॉटेलवर ठेवून जा. त्याच भागात दुहेरी सायीचं दूध मिळतं. म्हशीचं गरम दूध वाडग्यात ओततात, साय धरली की तिच्या कडेला फट पाडून दूध अलगद बाहेर काढतात. त्यात साखर आणि अंड्याचा पांढरा भाग घालून सायीखाली परत ओततात आणि वाफवतात, वर दुसरी साय येते. खरवसाच्या वाटेचा पदार्थ, पण अंडं असतं हे शाकाहारी मंडळींनी ध्यानात घ्यावं. शुंदेला युनेस्कोने २०१४ साली खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिलाय, तो उगाच नाही.

संध्याकाळी हॉटेलवर कारखान्यांचे फोटो आणि वजनं समोर ठेवा, भाव दुसऱ्या दिवशी सकाळी बोला. ॲडव्हान्स ३० टक्के, आणि बँक खात्याचं नाव कंपनीच्या लायसन्सवरच्या चिनी नावाशी जुळलंच पाहिजे. 'हे आमच्या मॅनेजरचं खातं' म्हटलं की उठायचं.

निघण्याआधी दोन गोष्टी घरीच उरका. अलीपे या चिनी पेमेंट ॲपला कार्ड जोडा, २०० युआनच्या आतल्या बिलाला जादा शुल्क लागत नाही. आणि पॉवर बँकवर थ्री-सी (CCC, चीनचं सुरक्षा प्रमाणपत्र) चिन्ह आहे का बघा. २८ जून २०२५ पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत ते नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, आणि आपल्याकडे विकत घेतलेल्या बऱ्याच पॉवर बँकांवर ते नसतं.