जनगणनेच्या कुलपाला मुदत हवी, पण घाई नको

जनगणनेच्या जुन्या नोंदी लवकर खुल्या कराव्यात का, यावर बाहेरच्या देशांत कडाक्याचे वाद होतात. अमेरिकेत ७२ वर्षांचं कुलूप आहे. १९५० चे तक्ते २०२२ च्या एप्रिलमध्ये उघडले. ब्रिटनमध्ये शंभर वर्षं. तरी तिथे माहिती अधिकारात भांडून लोकांनी १९११ च्या नोंदी २००९ मध्येच पदरात पाडून घेतल्या. आजार-अपंगत्वाचा रकाना तेवढा २०१२ पर्यंत झाकून ठेवला. ही तोड मला फार आवडते.

आपल्याकडे कुलपाला मुदतच नाही. १९४८ च्या कायद्याचं कलम १५ सांगतं, की घरोघरची नोंद कुणालाही पाहता येणार नाही, दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालणार नाही. कधीपर्यंत, याबद्दल अक्षर नाही. आणि इंग्रजांच्या काळातले तक्ते बेरजा झाल्यावर कुणी जपलेच नाहीत.

यात कुणाचं नुकसान झालं, ते पुण्यात चटकन दिसतं. आमच्या माळ्यावर जाडजूड कुलवृत्तांत आहे. पुरुष सगळे नावानिशी, कोण कुठल्या पेठेत राहिला, कोण निपुत्रिक वारला, सगळं. बायकांचं काय? ‘यांस तीन कन्या’, की पुढचा पुरुष सुरू. माझ्या एका मित्राचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात इथे आले. त्यांच्याकडे कागद एकच, शाळेचा दाखला, आणि जन्मतारीख अर्थातच १ जून, गुरुजींनी ठोकून दिलेली. आजोबांच्या आईचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. १९५१ ला मात्र कुणीतरी गणक त्यांच्या दारात उभा राहून तिचं नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं लिहून घेऊन गेला असणार. त्या माउलीची तेवढीच नोंद!

मग उद्याच उघडा म्हणू? नाही. कुणबी नोंदींसाठी गाव नमुना १४ आणि कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या, कशी उपसली गेली, ते आपण नुकतंच पाहिलं. तिथे लोकांचा हक्काचा प्रश्न होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुना कागद आपल्याकडे नुसता इतिहास नसतो. आसामात तर १९५१ च्या गणनेवरून केलेली नागरिक नोंदवही पुढे लोकांच्या नागरिकत्वाशी जोडली गेली. २०२७ ला प्रत्येकाची जात लिहून घेणार आहेत. ती माहिती माणूस हयात असताना फुटली, तर सोसायटीचा ग्रुप आणि वधूवर सूचक मंडळं आधी तुटून पडतील. आणि त्या भीतीने पुढच्या खेपेला गणकाला खरं कोण सांगेल?

माझ्या मते ऐंशी वर्षं ठीक. पुराव्याची बंदी कायम ठेवा, पण नावं खुली करा, आणि तीही फुकट. ब्रिटनसारखं १९२१ चं पान बघायला खासगी साइटला पैसे मोजायला लावू नका. २०२७ ची मोजणी मोबाइल ॲपवर आहे, त्यामुळे गठ्ठे ठेवायला जागा नाही, ही सबब आता चालायची नाही.