फक्त ४९९ आणि ती चांदणी

सकाळी सव्वानऊ. दोन्ही टेक्निशियन बॅगा खांद्याला लावून दारात उभे आणि मी मोबाइलकडे बघत बसलोय. वॉटर प्युरिफायरच्या सर्व्हिसचं माझं दुकान; आज कुठल्या कॉलला कोण जाणार ते सगळं मोबाइलमधल्या गिऱ्हाइकं सांभाळायच्या ॲपमध्ये. स्क्रीनवर कुलूप. कुलपाखाली हेडफोन लावलेली एक हसरी बाई आणि मजकूर: आपला डेटा सुरक्षित आहे, पाहण्यासाठी अपग्रेड करा. सुरक्षित कोणापासून? माझ्यापासून?

ॲपच्या कंपनीला फोन लावला. "सर जी, आपला फेस्टिव्हल प्लॅन बंद झाला. आता फक्त ४९९." हे 'फक्त' ऐकलं की माझं टाळकंच सरकतं. ४९९ एका युजरला. एका महिन्याला. तेही वर्षाचे एकरकमी भरले तर. युजर किमान पाच. वर अठरा टक्के जीएसटी. कॅल्क्युलेटरवर आकडा आला ३५,३२९ रुपये २० पैसे. गेल्या वर्षी हेच ५,९९९ला घेतलं होतं. एक फिल्टर बदलला की मला दीडशे सुटतात. म्हणजे २३६ फिल्टर नुसते त्या बाईच्या हसण्यापायी. आणि पाच युजर आणू कुठून? मी, बायको, ही दोन पोरं. पाचवं लॉगिन काय दुकानाच्या पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्याला देऊ? तसं तेच एकटं वेळेवर येतं म्हणा.

बरं, राहू दे, माझी यादी तरी द्या. तर एक्सपोर्ट, म्हणजे यादी फाइल करून बाहेर काढणं, म्हणे वरच्या प्लॅनमध्ये! नाशिकचं सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, चार-चार जिने चढून गोळा केलेली गिऱ्हाइकं माझी, आणि ती मलाच विकत घ्यायची. चाळीस मिनिटं ओरडलो. पोरं दोनदा चहा पिऊन आली. शेवटी 'स्पेशल केस' म्हणून फाइल मेल केली. उघडली. मराठीत टाकलेल्या नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ मारलेला इंग्रजी ए, त्याच्या शेजारी कसलंतरी गोल चिन्ह, परत तोच ए, अशी ओळच्या ओळ. आणि फोन नंबर? ९.१९ई+११. सगळे असेच. अकराशे गिऱ्हाइकं, धड नंबर एकही नाही.

एवढं झाल्यावर जुनं सगळं वर येतंच. आडनाव टाकल्याशिवाय एंट्रीच सेव्ह होत नाही. अरे, आमच्याकडे माणूस 'लिंबाच्या झाडाजवळच्या काकू' असतो, त्याचं आडनाव काय, झाड? पत्त्यात पिन कोड नाही, अमेरिकेतला झिप कोड. गिऱ्हाईक 'हो' म्हणालं की स्क्रीनभर रंगीत कागदाचे तुकडे उडणार. पैसे आले नसले तरी. व्हॉट्सॲपचे मेसेज वेगळे विकत, आणि 'फिल्टर बदलायची वेळ झाली' ही त्यांच्या लेखी जाहिरात, म्हणून तिचा दर जास्त. आणि कळस म्हणजे वर्षभरात त्यांच्याच सात जणांनी मला फोन केले, प्रत्येकाने पहिलं विचारलं, "सर, आपका बिजनेस क्या है?" गिऱ्हाईक लक्षात ठेवायचं सॉफ्टवेअर विकतात ही मंडळी.

भाच्याला फोन केला. "मामा, डबल क्लिक नका करू. एक्सेलमध्ये डेटामधून आत घ्या, मराठी अक्षरं नीट दिसायला यूटीएफ-८ निवडा, नंबरचा रकाना टेक्स्ट करा." दोन मिनिटांत सगळं मराठी झालं. ज्यासाठी सकाळपासून घसा फोडला तो खजिना समोर: काकू पाणी. काकू पाणी २. चष्मेवाले. चष्मेवाले नवीन. आरओ. आरओ. आरओ. उधार देऊ नको. पुढची तारीख: बघू. हे सगळं माझ्याच हातचं.

तेवढ्यात इंदिरानगरच्या एका काकूंचा फोन. आमच्या वार्षिक सर्व्हिसचं पत्रक त्यांच्या हातात. "काय हो, यात पाणी गाळणारं मेंब्रेन धरलेलं नाही?" नाही काकू. "पंप?" नाही. "मग वर्षभर तुम्ही येऊन करणार काय, बघून जाणार?" पत्रक मीच लिहिलंय. वर ठळक 'फक्त', आकड्यावर चांदणी, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात अटी लागू. बायको समोरच बसली होती. काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघून चष्मा पुसत राहिली.

तरी माझ्या अटी एका ओळीत बसतात! आणि मी काकूंच्या नळाला कुलूप लावून 'आपलं पाणी सुरक्षित आहे' असं तर लिहून आलो नाही ना?

पोरं पावणेअकराला निघाली, पाठकोऱ्या कागदावर पत्ते लिहून घेऊन. उद्या अकरा वाजता दुसऱ्या एका कंपनीचा डेमो आहे. कायमचं मोफत म्हणे. चांदणी आहे.