मालकाकडून उत्तर: रिकाम्या रायफलीबद्दल आणि पेलेटच्या हिशेबाबद्दल

नमस्कार साहेब,

आमच्या नेमबाजी क्लबबद्दलचा तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. दोन स्टार. आधी माफी मागतो. दुसऱ्या शनिवारी तुम्हाला आणि तुमच्या मुलीला संध्याकाळी ६ ची वेळ दिली होती आणि लेन (नेम मारायची जागा) मिळाली पावणेसातला. स्पर्धेला निघालेल्या मुलांचा सराव लांबला होता. बाहेर बाकावर बसलेल्या तुम्हाला कुणीतरी येऊन तेवढं सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. चूक आमचीच. मनापासून क्षमस्व.

पण पुढची तीन वाक्यं काही केल्या मनातून जात नाहीत. तुम्ही लिहिलंय, "गोळ्या वाचवायला नवीन माणसाला रिकामी बंदूक धरून उभं करतात. दोन आठवड्यांत चाळीस गोळ्याही मारू दिल्या नाहीत. अडीच हजार पाण्यात गेले."

चाळीस नाही, साहेब. प्रत्येक लेनला एक वही आहे, कुणी किती पेलेट (हवाई रायफलीच्या छोट्या गोळ्या) मारल्या ते रोज त्यात लिहिलं जातं. काल रात्री मी ती काढून बसलो. दोन आठवड्यांत तुम्ही ८ दिवस आलात. (रंगपंचमीला गेरमुळे, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीमुळे, राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात म्हणून रेंजही बंद होती, तो दिवस मी तुमच्या गैरहजेरीत धरलेला नाही.) त्या ८ दिवसांत तुमच्या नावावर ६५ पेलेट आहेत आणि मुलीच्या नावावर ११०. महिन्याच्या फीमध्ये प्रत्येकाला ३०० मिळतात. म्हणजे तुमच्या २३५ आणि तिच्या १९० अजून आमच्याकडे जमा आहेत. महिना संपला म्हणून त्या बुडत नाहीत, पुढच्या महिन्यात धरल्या जातात. पावतीच्या मागे तसं छापलेलं आहे, अक्षर बारीक आहे हे कबूल.

आता एक पेलेट मला दीड-दोन रुपयांना पडते. तुमच्या २३५ पेलेट मी खरंच दाबून ठेवल्या तरी माझे चारशे रुपये वाचतील. या हॉलचं भाडं मी भरतो, चार इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा बँकेचा हप्ता दर महिन्याला जातो. चारशे रुपयांसाठी मी कुणाला पंधरा दिवस ताटकळत उभं करीन, असं तुम्हाला वाटलं याचं फार वाईट वाटलं.

रिकामी रायफल का धरायला लावतो, ते पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तुमचं लक्ष मुलीचा पट्टा बांधण्याकडे होतं, म्हणून पुन्हा सांगतो. टार्गेट १० मीटरवर. त्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पेलेट ४.५ मिलिमीटरची. साइट म्हणजे नेम धरायची खूण; रायफलीच्या मागच्या साइटपासून पुढच्या साइटपर्यंत साधारण पाऊण मीटर. आता पुढची साइट फक्त १ मिलिमीटर बाजूला गेली की समोर टार्गेटवर ते अंतर तेरा मिलिमीटर होतं, आणि तिथे दर अडीच मिलिमीटरला एक गुण कमी. दहाचे सरळ पाच. हा एक मिलिमीटर श्वासाने हलतो, गुडघा ताठ नसला तरी हलतो, आणि सगळ्यात जास्त हलतो तो ट्रिगर झटक्याने ओढल्यामुळे. पेलेट आत असली की नवीन माणसाचं सगळं लक्ष ती कुठे लागली याकडे जातं. आपलं शरीर काय करत होतं ते त्याला कळतच नाही. रिकाम्या रायफलीत आवाज नाही, भोक नाही, स्क्रीनवर आकडा नाही. ट्रिगर दाबल्यावर साइट कुठे सरकली तेवढंच दिसतं. आणि दाबल्यानंतरही एक-दोन सेकंद तसंच धरून ठेवायचं, कारण पेलेट नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल हलली तर केलेलं सगळं वाया.

मला शिकवणारे महूहून निवृत्त झालेले एक हवालदार होते. महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट, म्हणजे लष्कराचं नेमबाजीचं केंद्र, आहे. तिथलेच विजय कुमार २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकहून पिस्तुलातलं रौप्य घेऊन आले, इंदूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. त्या हवालदारांनी मला दोन महिने एकही पेलेट दिली नव्हती. नुसतं धरायचं, श्वास सोडायचा, दाबायचं, धरून ठेवायचं. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी दहा दिल्या, कारण आजकाल लोकांना तेवढा धीर नसतो हे मला कळतं. स्वप्निल कुसळेंचं पॅरिसचं पदक टीव्हीवर पाहून यावंसं वाटलं, असं तुम्ही आल्या आल्या म्हणाला होतात. मला त्याचा आनंद झाला होता. कोल्हापूरकडच्या एका गावातला मुलगा तिथपर्यंत कसा पोहोचला? असाच, साहेब. त्याला दुसरा रस्ता नाही.

तुम्ही असंही सुचवलंय की आम्ही पुढे महागडी रायफल घ्यायला लावतो. हे कुठून आलं, मला कळलं नाही. मी तुम्हाला सहा महिने काहीही घेऊ नका, क्लबचं जॅकेट आणि क्लबची रायफल वापरा, असं सांगितलं होतं. तुम्हीच तिसऱ्या दिवशी जर्मन रायफलीचा भाव विचारला होता.

आणि आवाज चढवला, ते. हो, चढवला. त्या दिवशी तुम्ही मुलीचा फोटो काढायला रायफल हातात घेऊनच मागे वळलात. नळी बाकाकडे आली, तिथे दोन लहान मुलं बूट घालत बसली होती. तुमचं म्हणणं, आत पेलेट नव्हती. बरोबर, नव्हती. पण रायफल रिकामी आहे हे दाखवणारी केशरी दोरी नळीत नव्हती, म्हणजे ती रिकामी आहे हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक नाही. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या हवाई रायफलीला आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणून लोकांना ती खेळणं वाटते. तिची पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जाते. दहा मीटरवरच्या डोळ्याला ती काय करील, हा विचारसुद्धा मला नको वाटतो. त्या ओरडण्याची माफी मी मागणार नाही. मात्र "जमत नसेल तर घरी बसा" असं मी मुलीसमोर बोललो, ते बोलायला नको होतं. तुमच्या वयाच्या माणसाला त्याच्या लेकीदेखत असं बोलू नये. ते शब्द मी मागे घेतो.

हॉलमध्ये पोहे खाऊ दिले नाहीत, हेही तुम्ही लिहिलंय. पेलेट शिशाच्या असतात, हाताला लागतात. म्हणून निघताना साबणाने हात धुवायला सांगतो आणि आत खायला मनाई. ती सगळ्यांना आहे, माझ्या स्वतःच्या मुलालाही.

हे सगळं इथे उघड्यावर का लिहितोय, तेही सांगतो. एप्रिलमध्ये आमचं उन्हाळी शिबिर सुरू होतं आणि वर्षाचा निम्मा खर्च त्यातून निघतो. क्लबचं नाव शोधलं की हल्ली सगळ्यात वर तुमचाच रिव्ह्यू दिसतो. शिबिराची चौकशी करून गेलेल्या दोन पालकांनी काल फोन करून मला हेच विचारलं, "तुम्ही मुलांना पेलेट देत नाही का?" नऊ वर्षं हा क्लब चालवतोय, असा प्रश्न पहिल्यांदा ऐकला. तुम्हाला रिव्ह्यू काढा म्हणत नाही. तुम्हाला जे वाटलं ते तुम्ही लिहिलंत, तो तुमचा हक्क आहे. चाळीसच्या जागी पासष्ट केलंत तरी पुरे.

वेळेचं आम्ही पाहतो आहोत, शनिवारच्या लेन वेगळ्या ठेवता येतील का ते बघतो. बाहेर पंखाही लावायचा आहे. पहिल्या महिन्यात काय शिकवणार तो कागद नवीन लोकांना हातात द्यावा असं पत्नीचं म्हणणं आहे, तसं करू.

तुम्हाला यायचं नसेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे घेऊन जा, मी हिशेब करून पाकीट तयार ठेवलंय. पण मुलीबद्दल एक विनंती. शेवटच्या दिवशी तिने कागदी टार्गेटवर पाच पेलेट मारल्या. त्या डावीकडे खाली गेल्या खऱ्या, पण पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ आहेत. साइट थोडी फिरवली की त्या मध्ये येतील, पण असं हात धरून ठेवणं सगळ्यांना जमत नाही. आठ दिवसांत तर नाहीच. तो कागद तिला दाखवायचा राहून गेला, कारण त्याच दिवशी आपलं वाजलं. माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. रविवारी सकाळी ८ ते ११ मी असतो. तुम्ही आत आला नाहीत तरी चालेल, तिला पाठवा.

क्लबचा मालक आणि प्रशिक्षक,
रामबाग, इंदूर